पुंडलिकाची वीट

॥ श्रीविठ्ठल प्रसन्न ॥

पंढरीच्या राउळात उभा राहिलेला प्रत्येक वारकरी देवाचे मुख पाहतो, कटीवरचे हात पाहतो आणि चरणांवर डोके ठेवतो. त्या चरणांखालच्या विटेकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. वास्तविक पंढरीचा सारा महिमा त्या विटेपासून सुरू होतो. देव वैकुंठ सोडून भक्ताच्या दारी आला. भक्त आत आईबापांचे पाय चेपीत बसला होता. तो उठला नाही, धावला नाही, 'या, बसा' असेही म्हणाला नाही. हाताशी होती ती वीट त्याने मागे भिरकावली आणि सांगितले, देवा, हातातले काम व्हावयाचे आहे, तोवर यावर उभा राहा. आणि देव उभा राहिला! अठ्ठावीस युगे लोटली म्हणतात, अद्याप उभाच आहे.

हाच पुंडलिक आधी कसा होता, हेही ध्यानात असू द्या. आईबापांना विसरून तो आपल्याच नादात होता. काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, अशी कथा आहे. म्हणजे कोणते काम केव्हा, आणि कोणाला केव्हा थांबवावयाचे, हे ज्ञान पुंडलिकाला जन्मतः नव्हते. ते त्याने मिळविले. आपल्यालाही मिळविता येईल, एवढा दिलासा या कथेत आहे.

आता आपल्या घरात डोकावून पाहू. आमच्या घरोघरी या कथेच्या नेमके उलट चालले आहे. म्हातारे आईबाप थांबतात, लेकरू थांबते, वाढलेले ताट थांबते, देव तर बिचारा थांबलेलाच आहे. थांबत नाही तो एक कचेरीचा फोन! तो वाजला की हातातला घास ताटात पडतो. ज्या पुंडलिकाने देवाला थांबविले, त्याचे नाव घेणारे आपण, आणि आपल्याला साहेबाला 'अर्धा तास थांबा' म्हणवत नाही. या महिन्यात आम्ही याच विषयाची सेवा करणार आहोत. नोकरी-धंदा एकीकडे, घरसंसार दुसरीकडे, आणि मध्ये ताणले जाणारे मन. या मनाचे स्वास्थ्य कसे राखावे?

येथे कोणी पूर्वपक्ष करील की, महाराज, हा विषय परमार्थाचा नव्हे. मनाच्या ताणाचे डॉक्टर पाहतील, कामाच्या तासांचे सरकार पाहील. तुम्ही आपले नाम सांगा. त्याचे समाधान असे. गीतेच्या सहाव्या अध्यायात, जेथे भगवंत ध्यानयोग सांगतात, तेथे आसन आणि दृष्टी यांच्या जोडीनेच ते जेवण आणि झोप यांची गोष्ट काढतात. फार खाणाराला योग नाही, मुळीच न खाणाराला नाही. फार झोपणाराला नाही, सतत जागणाराला तर नाहीच. आहार, विहार, कर्मातली धडपड, निद्रा आणि जागृती ही ज्याची युक्त आहेत, त्याचाच योग दुःख हरण करतो, असा तेथला निर्णय आहे. 'युक्त' हा शब्द 'युज्' या धातूपासून आला, आणि 'योग' हाही त्याच धातूपासून. ज्याचे काम युक्त नाही त्याचा योग साधत नाही, हे शब्दच सांगतो. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेवर टीका केली, तीत या श्लोकांचा विस्तार करताना मोजून-मापून जेवणे, मोजून चालणे, वेळेवर झोपणे याविषयी इतक्या बारकाईने सांगितले आहे की वाटावे, घरातली आईच बोलत आहे. मग हा विषय परमार्थाचा नाही असे कोण म्हणेल?

दुसरा एक शब्द पाहा. आपण एकमेकांना विचारतो, 'स्वस्थ आहात ना?' स्व म्हणजे आपण स्वतः, आणि स्थ म्हणजे राहणारा. जो आपल्या ठिकाणी आहे तो स्वस्थ. सुश्रुताचार्यांनी निरोगी माणसाचे लक्षण करताना दोष, अग्नी, धातू यांचे साम्य तर सांगितलेच, पण आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असणे हेही त्याच लक्षणात घातले. म्हणजे नाडी ठीक, रक्त ठीक, पण मन खिन्न, अशा माणसाला आपले प्राचीन वैद्य निरोगी म्हणावयास तयार नव्हते.

मग काम करू नये काय? अहो, असे कोण म्हणतो! आमचा संप्रदाय काम करणारांचा आहे. सावता महाराज अरणच्या मळ्यात राबले, नामदेवांच्या घरी शिंपीकाम, नरहरी महाराज सोनार, सेना महाराज न्हावी, तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यापार आणि महाजनकी. यांतल्या कोणी धंदा वाईट म्हणून टाकला नाही. काम हे वाईट नव्हे; बिघडतो तो त्याचा योग. चरकाचार्यांनी रोगाची कारणे सांगताना तीन शब्द वापरले आहेत: अयोग, अतियोग आणि मिथ्यायोग. हे तीन शब्द आम्हांला फार उपयोगी वाटतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

अयोग म्हणजे कामच नसणे. शिकलेला मुलगा घरी बसून आहे, पारावर दिवस जात नाही, रात्री आईच्या नजरेला नजर देववत नाही. हाही मनाचा रोगच, आणि मोठा रोग. अशा मुलाला 'बसून खातोस' म्हणणाऱ्या बापाने हे ध्यानात घ्यावे की, बसून खाणे त्याला सर्वांत अधिक बोचत असते.

अतियोग म्हणजे मापाबाहेर काम. याचा हिशेब आपण वाण्याच्या वहीसारखा मांडू. आठवड्याचे तास १६८. राजालाही तेवढेच, रंकालाही तेवढेच. २०२३ साली एका मोठ्या उद्योगपतींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. ठीक आहे, ७० वजा करा, राहिले ९८. रोज आठ तास झोप, म्हणजे ५६ गेले, राहिले ४२. शहरात जाण्यायेण्याचे रोज दोन तास धरले तर सहा दिवसांचे १२, राहिले ३०. स्नान, जेवण, बाजारहाट यांस रोज तीन तास, म्हणजे २१. शिल्लक उरले नऊ तास! सात दिवसांत नऊ तास. त्यांत बायकोशी बोलावयाचे, लेकरांचा अभ्यास पाहावयाचा, आजाऱ्याला भेटावयाचे, आणि उरलेच तर देवाचे नाव घ्यावयाचे. मग होते काय? माणूस ही तूट झोपेतून भरून काढतो. झोपेचे कर्ज काढतो. या कर्जाचे व्याज सावकाराच्या व्याजाहून वाईट, कारण ते शरीर वसूल करते.

हे आम्ही केवळ कीर्तनकार म्हणून बोलतो असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणारांच्या मानाने ५५ तास किंवा अधिक काम करणारांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक, असे त्यात आहे. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ कामाशी निगडित मृत्यू जगभर सुमारे ७ लक्ष ४५ हजार झाले, असा त्यांचा अंदाज आहे. एवढी माणसे लढाईत पडली असती तर आपण हळहळलो असतो. ही आपल्या टेबलाशी बसून पडली, म्हणून कोणाला दिसली नाहीत.

आणि मिथ्यायोग? हा सर्वांत फसवा. तासांचे माप ठीक आहे, पण शरीर एका ठिकाणी आणि मन दुसऱ्या ठिकाणी. ताटावर बसलो आहे, मन कचेरीत. कचेरीत बसलो आहे, मन घरच्या आजारपणात. देवळात उभा आहे, हात खिशातल्या यंत्रावर. दोन्हीकडचे काम अर्धे होते आणि शीण मात्र दुप्पट. पूर्वी गिरणीचा भोंगा झाला की कामगार सुटला. आज भोंगा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तो सुटण्याचा होतच नाही.

येथे आम्हांला तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवते. काका चिखल तुडवीत होते, मुखाने विठ्ठलाचे नाम चालू होते. पत्नी पाण्याला गेली, आणि रांगते मूल चिखलात येऊन पायाखाली गेले. काकांना भान नव्हते. पुढे देवाने ते मूल परत दिले, येथे श्रोते डोळे पुसतात आणि टाळी होते. परंतु आम्ही ही कथा लावतो तेव्हा टाळीच्या आधी क्षणभर थांबतो, आणि विचारतो: बाबांनो, चिखल तुडविणे तुमच्याही घरी चालू आहे. तुमचेही लेकरू रांगत रांगत जवळ येत आहे. 'बाबा, हे पाहा ना' म्हणत आहे. तुम्ही मान वर करीत नाही. काकांचे चित्त विठ्ठलात गुंतले होते, म्हणून विठ्ठलाने लेकरू परत दिले. आपले चित्त ज्यात गुंतले आहे, ते काय आपले लेकरू परत देणार आहे? कंपनीच्या वहीत तसे कोठे लिहिले आहे काय?

शंका येईल की, कामात बुडून जाणे हा तर गुण आहे. एकनाथ महाराज देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागले, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. खरे आहे. पण पुढचे ऐका. स्वामींनी त्यांना शाबासकी देऊन 'उद्याही असेच जाग' असे सांगितले नाही. एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद, तर संसारातली मोठी चूक सापडेल तेव्हा केवढा, अशा अर्थाचा बोध केला. म्हणजे चित्त एकाग्र होते हा गुण उचलला, आणि ते कोठे लावावयाचे याची दिशा बदलली. पुढे पैठणास नाथांनी संसार केला, ग्रंथ लिहिले, कीर्तन केले, दारी आलेल्याला जेवू घातले. प्रत्येकाला आपापला वेळ. एका रात्रीचे जागरण ही निष्ठा. रोज रात्रीचे जागरण ही निष्ठा नव्हे, तो अतियोग.

दक्षस्मृतीत दिवसाचे आठ भाग केले आहेत. त्यात पोष्यवर्गासाठी, म्हणजे आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी, अर्थार्जन करण्यास तिसरा भाग दिला आहे. अध्ययनाला, देवपूजेला, अन्नाचा वाटा देण्याला, इतिहास-पुराणे ऐकण्याला निराळे भाग आहेत. आज आठव्या हिश्शात कोणाचे पोट भरणार नाही, हे आम्हांलाही कळते. परंतु तत्त्व असे की, कमाई हा दिवसाचा एक वाटा आहे. सारा दिवस नव्हे. भाऊ-भाऊ वेगळे होतात तेव्हा एकाने सारे शेत घेतले तर आपण त्याला काय म्हणतो? मग कमाईने सारा दिवस घेतला तर गप्प का बसतो?

आता एक प्रसंग सांगतो. मागे एका गावच्या सप्ताहात कीर्तन आटोपून आम्ही बसलो असता एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. गळ्यात माळ, घरात तीन पिढ्यांची वारी. म्हणाले, "महाराज, पोराला शहरात मोठ्या पगाराची नोकरी आहे. रात्री परदेशाच्या वेळेने काम, दिवसा डोळा लागत नाही. चार महिने झाले, धड झोप नाही. घरी आला तर भिंतीकडे तोंड करून पडतो. परवा आईला म्हणाला, मी नसतो तर बरे झाले असते. त्याला माळ घालावी म्हणतो. नामाने ठीक होईल ना?"

आम्ही म्हणालो, "बाबा, माळ अवश्य घालू. पण आधी त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि तेही उद्याच. तोवर त्याला एकटे ठेवू नका."

ते घुटमळले. "लोक काय म्हणतील महाराज? माळकऱ्याच्या घरात वेडाचे औषध!"

आम्ही विचारले, "वारीत पायाला फोड आला तर मलमपट्टी करून घेता की नाही? तेव्हा कोणी म्हणते काय, की याची भक्ती कमी पडली?"

ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मुलाला घेऊन गेले. पुढे काही महिन्यांनी निरोप आला. औषध चालू आहे. मुलाने दिवसाच्या वेळेची दुसरी नोकरी धरली. पगार उतरला, घराचा हप्ता जड जातो. पण तो रात्री झोपतो, आणि सुटीला गावी आला की संध्याकाळी बापाजवळ हरिपाठाला बसतो. आम्ही देवाला हात जोडले.

वाचक हो, हे नीट ध्यानात धरा. 'मी नसतो तर बरे' हे शब्द घरात कोणाच्या तोंडून आले, तर ते रागाचे म्हणून सोडून देऊ नका, आणि 'भजन कर म्हणजे जाईल' म्हणून टाळू नका. त्याच्याजवळ बसा, ऐका, आणि वैद्यकीय मदत घ्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' नावाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणे सांगितली: अंगातले त्राण संपणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. ही तीन दिसू लागली की समजावे, घरच्यांनी जवळ येण्याची वेळ झाली. नाम हे औषधाचे वैरी नव्हे. ज्याने नाम दिले त्यानेच वैद्याला बुद्धी दिली.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. कंटाळा आला की म्हणतात, सोडतो सारे, जातो डोंगरावर. त्यांनी तुकोबांचे चरित्र पाहावे. शके १५५२ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. महाराज भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले. तेव्हा लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या कागदांचे महाराजांनी दोन वाटे केले. आपला वाटा इंद्रायणीत सोडला, आणि भावाचा वाटा भावाच्या हाती दिला. येथे थांबून विचार करा. त्यांनी आपले वैराग्य भावाच्या चुलीवर लादले नाही. नोकरी सोडावयाची असेल तर सोडा, पण दुसऱ्याचा वाटा इंद्रायणीत टाकू नका. घरच्यांस जवळ बसवून कागद मोजा, आणि मग ठरवा.

आणखी एक मोठी गोष्ट राहिली. 'थोडे काम करा, विसावा घ्या' हे सांगणे ज्याचे पोट भरले आहे त्याला सोपे. दिवसा एका ठिकाणी आणि रात्री दुसऱ्या ठिकाणी राबणाऱ्या माणसाला हा उपदेश ऐकविणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ. त्याचा विसावा त्याच्या हाती नसतो. तो समाजाने द्यावा लागतो. आपल्या महाराष्ट्राला याचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी दुपारी पाय पसरून झोपतो, ती झोप कोणी तरी भांडून मिळविलेली आहे. पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच ठरावात कारखान्यांसाठी दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास ठरविले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने ४८ तासांची मर्यादा घातली. फ्रान्स देशात तर २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर नोकरांना यंत्रापासून मोकळे राहू देण्याविषयी बोलणी करावी लागतात.

म्हणून आमचे सांगणे नोकरांइतकेच मालकांनाही आहे. गळ्यात माळ घालणारे, दिंडीला पंगत देणारे कित्येक जण दुकानदार आहेत, कारखानदार आहेत, साहेब आहेत. त्यांनी आपल्याला विचारावे: माझ्या हाताखालचा मुलगा किती वाजता घरी जातो? रात्री दहाला मी त्याला फोन का करतो? दिंडीत हजार पानांची पंगत देऊन दुकानातल्या पोराचे जेवण चुकविले, तर ते पुण्य कोणाच्या खात्यावर जाईल, हे तुम्हीच ठरवा.

आणि बायकांना रविवार कोणता? पुरुषाला आठवड्याची सुटी आली की घरात चार पदार्थ अधिक होतात. म्हणजे बाईचे काम वाढते. आज बाई नोकरीही करते, आणि परत येऊन पदरही खोचते. जनाबाईंबरोबर देव दळू लागला, हे गाताना आमचे टाळ किती जोरात वाजतात! मग तेच गाऊन घरी गेल्यावर कणीक मळू लागण्यास, भांडी विसळण्यास लाज कसली? देवाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते वारकऱ्याला वाटावे काय?

आमच्या कीर्तनकार मंडळींनाही हे लागू आहे. सप्ताहांच्या दिवसांत एका दिवसात तीन गावी तीन कीर्तने घेणारे आहेत. तिसऱ्या गावी पोचतो तो गळा. माणूस वाटेत कोठे तरी राहिलेला असतो.

विसावा कसा घ्यावा, हे शिकण्यास दूर जावयास नको. आपली पालखीच पाहा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. मोटारीने एका दिवसात जाऊन येता येईल. माउलींची पालखी पंधरवड्याहून अधिक दिवस घेते. वाटेत विसावे ठरलेले, दुपारचे जेवण ठरलेले, मुक्काम ठरलेले. पुण्यास राहते, सासवडास राहते. कोणी 'आज जोर आहे, दोन मुक्काम एकदम उरकू' म्हणत नाही. दिवे घाट चढणे हे श्रम, आणि वर पोचल्यावर टेकणे हेही वारीतच मोजले जाते. 'विश्रांती' या शब्दातही 'श्रम्' धातूच आहे. श्रमावाचून विश्रांतीला अर्थ नाही, आणि विश्रांतीवाचून श्रमाला शेवट नाही. लाखो माणसे दमून न पडता, हसत, नाचत पंढरीस पोचतात त्याचे रहस्य या विसाव्यांत आहे. संसाराची वारी तर जन्मभराची. तिला विसावे न ठेवता निघालो, तर वाखरीच्या आधीच पाय धरतील.

तेव्हा या महिन्यात प्रत्येकाने काही साधे नेम धरावे. पहिला: घरात शिरताना चप्पल दाराशी काढतो, तसाच फोनही एका कोनाड्यात ठेवावा, निदान सायंकाळचा एक तास तरी. दुसरा: दिवसातले एक जेवण सर्वांनी एकत्र करावे, आणि त्यावेळी हिशेब व तक्रारी काढू नयेत. तिसरा: झोपेची वेळ देवाच्या काकडआरतीसारखी ठरलेली असावी. चौथा: एकादशीला पोटाबरोबर कामाचाही उपवास करावा, 'उप' म्हणजे जवळ, 'वास' म्हणजे राहणे. त्या दिवशी नेमून दिलेले काम करावे, पण वरचे काम घेऊ नये, आणि तो वेळ देवाजवळ व घरच्यांजवळ घालवावा. पाचवा: साऱ्या वारीची रजा मिळत नसेल तर एका मुक्कामाची काढावी, पण काढावी. आणि ज्याला यांतले काहीच शक्य नाही, अशा कष्टकऱ्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याने काम करताना नाम घ्यावे. त्याला विसावा मिळवून देणे हा आम्हां बाकीच्यांचा नेम.

पुंडलिकाने वीट फेकली ती देव नको म्हणून नव्हे. ज्याच्या पायाशी आता आपण बसलो आहोत, त्याला सोडून उठावयाचे नाही म्हणून. अशी एक वीट प्रत्येकाने हाताशी ठेवावी. कोणी फार घाई करीत आला, तर विनयाने ती पुढे सारावी आणि म्हणावे, जरा यावर उभे राहा, येतो. देव रागावला नाही. उलट त्या जागी तो कायमचा राहिला. तुमच्या घरीही राहील.

सर्वांच्या हातांना काम मिळो, कामाला माप मिळो, रात्रीला झोप मिळो, आणि थकलेल्या प्रत्येक जिवाला जवळ बसणारे कोणी मिळो, एवढेच पांडुरंगाच्या चरणी मागणे.

राम कृष्ण हरि.